तुकडा आणि केसपेपर : डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या संशोधनाचा विचार



गाठीचा किंवा न भरणाऱ्या जखमेचा संशय आला की डॉक्टर तिचा लहानसा तुकडा काढतात, फॉर्मालिनच्या बाटलीत घालतात आणि तपासायला पाठवतात. प्रयोगशाळेत तो मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवला जातो, त्याचे अतिशय पातळ काप काढले जातात, त्यांना रंग दिला जातो, आणि मग कोणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांकडे पाहून रोगाचे नाव लिहितो. रुग्णाला हा माणूस बहुधा कधीच दिसत नाही. त्यालाही रुग्ण दिसत नाही. विकृतिशास्त्र म्हणजे एवढेच, असा सर्वसाधारण समज आहे, आणि व्यवहारात पुष्कळदा ते एवढेच उरतेही. आज मला मांडायचे आहे ते याच्या पुढचे. तुकड्यातून रोगाचे नाव मिळते. रोग या माणसाला, या जागी, या वयात का झाला, याचे उत्तर तुकड्यात क्वचितच असते. त्यासाठी तुकड्याच्या शेजारी त्या माणसाचा केसपेपर यावा लागतो : तो कुठला, काय काम करतो, काय खातो, तोंडात काय धरतो, कमरेला काय बांधतो. असे तुकडे आणि असे केसपेपर शेकड्यांनी जुळवून पाहणे हे संशोधन आहे, आणि तेही विकृतिशास्त्रच आहे. भारतात ही गोष्ट ज्यांनी कामातून सिद्ध केली त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव मी सर्वांत आधी घेतो.

त्यांच्या आयुष्याची रूपरेषा थोडक्यात सांगतो, कारण मला त्यांच्या पदांपेक्षा त्यांच्या पद्धतीविषयी बोलायचे आहे. जन्म १८९५. लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. १९२३ मध्ये. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज येथे अध्यापन. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, आणि तेथील प्रयोगशाळा व संशोधन यांचे संचालकपद त्यांच्याकडे आले. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, त्याचे ते संस्थापक. १९५० ते १९५४ आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्ष, पुढे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक, १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. मृत्यू १९७८. ही यादी मोठी आहे, पण कार्यालयाच्या भिंतीवरच्या फलकावरही ती मावेल. तिच्यातून कळत नाही ते हे, की लंडनला शिकलेल्या या विकृतिशास्त्रज्ञाने परळच्या प्रयोगशाळेत बसून युरोपच्या पाठ्यपुस्तकात नसलेले प्रश्न कसे विचारले.

परळची जागा इथे महत्त्वाची आहे. टाटा रुग्णालय गिरणगावात उभे राहिले आणि कर्करोगासाठी स्वतंत्र, सुसज्ज रुग्णालय म्हणून देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे तिथे येऊ लागली. कोकणातला गिरणी कामगार, घाटावरचा शेतकरी, गुजरातचा व्यापारी, बिहारचा मजूर, आंध्र किनाऱ्यावरची बाई, मुंबईतील पारशी गृहिणी, सगळ्यांचे तुकडे एकाच प्रयोगशाळेत आले. इंग्लंडमधल्या विकृतिशास्त्रज्ञाला पेहराव, खाणे, विवाहाची रीत, तोंडात धरायची वस्तू यांतला एवढा फरक एका इमारतीत कधी पाहायला मिळाला नसता. तुलना करण्यासाठी फरक लागतो, आणि तो फरक मुंबईच्या बाह्यरुग्ण विभागात रोज रांगेत उभा होता. पण तो फक्त केसपेपर वाचणाऱ्याला दिसणार होता. स्लाइडवर स्क्वेमस पेशींचा कर्करोग बिहारच्या मजुराचा असो वा लंडनच्या गोदी कामगाराचा, जवळजवळ सारखाच दिसतो.

१९४५ साली ‘आर्काइव्हज ऑफ पॅथॉलॉजी’ या अमेरिकी नियतकालिकात खानोलकरांनी बी. सूर्याबाई यांच्यासह एक लेख प्रसिद्ध केला. त्याचा विषय होता रूढी-सवयींशी संबंध असलेले कर्करोग, आणि त्यात भारतातील तीन नवे प्रकार वर्णन केले होते. त्यांतला धोतराचा कर्करोग मला फार बोलका वाटतो. धोतर किंवा लुगडे कमरेला रोज एकाच जागी घट्ट आवळले जाते. उन्हात, घामात, शेतात वाकून काम करताना ती कड त्याच जागी घासते, आणि हे वीस-तीस वर्षे चालते. कातडीचा रंग उडतो किंवा काळवंडतो, ती जाड होते, सालपटे निघतात, चीर पडते, चीर भरत नाही. काहींच्या बाबतीत त्या जुनाट जखमेतून कर्करोग निघतो. तो संख्येने कधीच मोठा नव्हता. पण कारणाच्या दृष्टीने त्याची किंमत फार आहे, कारण त्याची जागा पेहरावाने ठरवलेली असते. पोटाच्या बाजूच्या त्या पट्ट्यात सूर्यप्रकाश जात नाही, तिथे कोणते रसायन लागत नाही, आणि पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात त्या जागेचा उल्लेख नाही. नुसता तुकडा पाहणारा ‘कातडीचा कर्करोग, कंबर’ एवढे लिहून थांबेल. धोतर कुठे बांधतात हे ज्याने विचारले, त्याला कारण सापडले.

खैनीचे उदाहरण अधिक दूरगामी ठरले. तंबाखू आणि चुना तळहातावर मळून ती चिमूट खालच्या ओठाच्या आत, हिरडीपाशी दाबून ठेवायची, अशी पद्धत उत्तर भारतात मोठ्या प्रमाणावर आहे. कर्करोग होतो तो त्याच खोबणीत. ज्या भागात विडा किंवा तंबाखूची गोळी गालात धरतात, तिथे तो गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत होतो, आणि पुष्कळदा ज्या बाजूला गोळी धरायची सवय त्याच बाजूला. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्ट्याचे, म्हणजे जाड गावठी चिरुटाचे, पेटलेले टोक तोंडात ठेवून ओढण्याची रीत आहे, विशेषतः बायकांमध्ये. तिथे टाळूचा कर्करोग दिसतो, जो एरवी विरळा. या तीन ओळी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. तोंड एकच, अस्तर एकाच जातीचे, पेशी सारख्या, तरी रोगाची जागा बदलते, आणि ती जिथे वस्तू ठेवली जाते तिच्या मागोमाग बदलते. मला वाटते, कारणाविषयीचा इतका स्वच्छ पुरावा वैद्यकात फार थोड्या रोगांनी दिला असेल.

इथे एक न्याय करायला हवा. ही दिशा दाखवणारे खानोलकर पहिले नव्हते. लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या अंडकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. काश्मीरमध्ये थंडीत अंगरख्याखाली धरायच्या कांगडीमुळे, म्हणजे निखाऱ्यांच्या भांड्यामुळे, पोटाच्या व मांडीच्या कातडीवर होणारा कर्करोग एकोणिसाव्या शतकातच मिशनरी डॉक्टरांनी नोंदवला होता. त्रावणकोरमधील पान खाणाऱ्यांच्या तोंडाच्या कर्करोगावर ऑर यांचा लेख १९३३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. खानोलकरांचे वेगळेपण असे, की या सुट्या निरीक्षणांचे त्यांनी एका संस्थेचे नित्यकर्म केले. आधीची निरीक्षणे शल्यवैद्यांची होती, ज्यांच्यासमोर रुग्ण बसलेला असे. प्रयोगशाळेच्या संचालकाने, ज्याच्यापर्यंत फक्त बाटली येते, रुग्णाच्या सवयी हा आपल्या कामाचा भाग मानणे ही नवी गोष्ट होती. त्यांच्याभोवती जमलेली माणसेही तशीच होती. कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धन आणि प्राण्यांवरील प्रयोगांचे काम उभे केले, एल. डी. संघवी यांनी संख्याशास्त्र आणि मानवी आनुवंशिकीचे. पेशी पाहणारा, उंदीर पाळणारा आणि आकडे मांडणारा एका छपराखाली बसला.

त्याचे फळ १९५५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दिसले. संघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे आणि अन्नमार्गाच्या वरच्या भागाचे कर्करोग यांचा संबंध तपासला, तोही तुलनेसाठी दुसरे गट घेऊन. चघळण्याचा संबंध तोंडाच्या पोकळीतील कर्करोगाशी, ओढण्याचा जिभेच्या मुळाशी, घशाशी, अन्ननलिकेशी, आणि दोन्ही सवयी एकत्र असल्यास धोका अधिक, असे चित्र पुढे आले. डॉल आणि हिल यांचा सिगारेट व फुप्फुसाच्या कर्करोगावरील गाजलेला लेख याच नियतकालिकात १९५० मध्ये आला होता. त्याची कीर्ती जगभर झाली, आणि ती योग्यच होती. परळच्या लेखाने मात्र आणखी एक पायरी ओलांडली होती, असे माझे मत आहे. एकच वनस्पती, दोन रीतींनी वापरली, की अन्नमार्गाच्या दोन वेगळ्या भागांवर आघात करते, हे त्याने दाखवले.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते किरकोळ नाहीत. पहिला आक्षेप असा, की दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. तंबाखू खाणारा गरीब असतो, त्याचे दात किडलेले असतात, आहार निकृष्ट असतो, कारण त्यांत असू शकेल. आक्षेप रास्त आहे, आणि खानोलकरांच्या पिढीच्या पुराव्याने त्याचे पूर्ण उत्तर दिले नव्हते. उत्तर तीन वाटांनी नंतर आले. प्राण्यांवरील प्रयोग झाले, त्यांत रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे सुपारी व तंबाखूवरील काम होते. रसायनशास्त्राने तंबाखूत तयार होणारी, कर्करोग घडवणारी नायट्रोसामाइन संयुगे ओळखली. आणि तिसरी वाट सर्वांत निर्णायक : फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागातून एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या जिल्ह्यांतील सुमारे ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांना सवय सोडण्यासाठी समजावले आणि वर्षानुवर्षे त्यांची तोंडे तपासली. ज्यांनी सवय सोडली वा कमी केली, त्यांच्यात कर्करोगाआधीचे पांढरे चट्टे नव्याने होण्याचे प्रमाण घटले. कारण काढून घेतल्यावर परिणाम कमी होणे, याहून मोठी साक्ष कोणती हवी? गरिबी तीच राहिली होती, दातही तेच होते.

दुसरा आक्षेप रुग्णालयातील आकड्यांवर आहे. टाटा रुग्णालयात कोण येत होते? ज्याला मुंबईचे भाडे परवडते, ज्याला कोणीतरी पाठवले, जो तेवढे दिवस जगला. त्यावरून खेड्यातल्या माणसाविषयी बोलता येत नाही. मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे, आणि माझ्या मुद्द्याला तो मारक नसून पूरक आहे. केसपेपर वाचणारी प्रयोगशाळा आज ना उद्या या मर्यादेपाशी पोहोचते आणि मग तिला इमारतीबाहेर पडावेच लागते. मुंबईत १९६३ मध्ये देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. १९७२ मध्ये मेहता यांच्या गटाने महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तोंडांच्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या प्रदेशात बायका मशेरी लावतात. जाळलेल्या तंबाखूची ती पूड दात घासण्यासाठी म्हणून सुरू होते आणि दिवसातून अनेकदा हिरड्यांवर चोळण्याची सवय होते. विडी-सिगारेटपुरता प्रश्न विचारला असता तर ही बाई ‘तंबाखू नाही’ या रकान्यात गेली असती. १९८७ मध्ये बार्शीला ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, आणि ग्रामीण महाराष्ट्रातील बायकांच्या कर्करोगाचे चित्र मुंबईहून किती निराळे आहे, हे तिने दाखवले. प्रश्न परळच्या टेबलावर तयार झाले होते, म्हणून गावात काय विचारायचे हे माहीत होते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो नैतिकही आहे. मुंबईतील कर्करोगाचे आकडे त्या काळी धर्म आणि जातीनुसार मांडले जात. गर्भाशयमुखाचा कर्करोग हिंदू स्त्रियांत अधिक, मुसलमान आणि पारशी स्त्रियांत कमी. स्तनाचा कर्करोग पारशी स्त्रियांत अधिक. खानोलकर आणि संघवी यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांतील सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यासही त्याच सुमारास प्रसिद्ध केला होता. अशा मांडणीतून रोगाला जातीचे रक्त चिकटवले जाते, अशी भीती वाटणे स्वाभाविक आहे, आणि जगाच्या इतिहासात ती भीती खरी ठरलेली आहे. त्यामुळे ही मांडणी कशासाठी होती, ते नीट पाहिले पाहिजे. समाज हा इथे कारण नव्हता, कारणाकडे बोट दाखवणारी खूण होती. दोन समाज एकाच शहरात राहतात, तेच पाणी पितात, तरी त्यांच्यात एका अवयवाचा कर्करोग निराळ्या प्रमाणात आढळतो. मग फरक आनुवंशिक आहे की लग्नाचे वय, बाळंतपणांची संख्या, खतना, स्वच्छतेच्या सोयी यांतला आहे, हा प्रश्न उभा राहतो. रक्तगटांसारख्या आनुवंशिक लक्षणांचा तो अभ्यास या प्रश्नाची आनुवंशिक बाजू तपासण्यासाठी हवाच होता. तो न करता ‘सवय’ म्हणणे हेही गृहीतकच ठरले असते.

पुढे काय झाले? गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण मानवी पॅपिलोमा विषाणू असल्याचे हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाने १९८०च्या दशकात दाखवले आणि त्यांना २००८ चे नोबेल मिळाले. समाजासमाजांतील फरकाला त्यामुळे अर्थ आला : लैंगिक संबंधातून पसरणारा विषाणू, आणि लवकर लग्न, अनेक बाळंतपणे व तपासणीचा अभाव यांनी वाढणारा धोका. जात गळून पडली, संसर्ग आणि परिस्थिती उरली. २००९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदा केलेल्या विषाणू-तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हा अभ्यास जगभरच्या तपासणी-धोरणांचा आधार झाला. मराठवाड्यातील ज्या बायकांना आयुष्यात कोणी तपासले नव्हते, त्यांच्यामुळे जगाला ते कळले. समाजनिहाय आकडे मांडण्याचे समर्थन मी एवढ्याच अटीवर करतो : ज्या क्षणी खरे कारण सापडते, त्या क्षणी ती वर्गवारी बाजूला ठेवायची. ती तिथेच धरून बसणाऱ्याला विज्ञान कळलेले नाही.

याच अंगाने आणखी एक आक्षेप येतो. सवयींवर बोट ठेवणे म्हणजे रोग्यालाच दोषी ठरवणे नव्हे काय? माझे उत्तर असे, की सवय हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. उपाशीपोटी पाळी करणारा कामगार भूक मारण्यासाठी तंबाखू मळतो. दातदुखीवर दुसरा उपाय नाही म्हणून बाई मशेरी लावते. १९८०च्या दशकापासून गुटख्याची पाकिटे पानपट्टीवर लटकू लागली, ती पोरांच्या मागणीने आली नाहीत, कारखान्यातून आली. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी तोंड आखडत जाण्याचा जो रोग १९५३ मध्ये नोंदवला, त्यात तोंडाचे अस्तर ताठ होते, बोटही आत जात नाही, तिखट सहन होत नाही. तो पुढे गुटखा खाणाऱ्या तरुणांत मोठ्या प्रमाणात दिसू लागला, आणि त्यात सुपारीचा मोठा वाटा आहे हे प्रस्थापित झाले. केसपेपरवर ही नोंद करणे म्हणजे आरोपपत्र लिहिणे नव्हे. उलट, ती नोंद नसेल तर कारखाना सुटतो आणि रोग ‘नशिबाचा’ ठरतो.

ही पद्धत नेहमी यशस्वी ठरली, असे मी म्हणणार नाही. कुष्ठरोगातील त्यांचे काम या दृष्टीने फार शिकवणारे आहे. हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू पाहिला, पण आजपर्यंत तो प्रयोगशाळेतील माध्यमावर कोणालाही वाढवता आलेला नाही. खानोलकरांनी अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांची सूक्ष्म रचना अभ्यासली, मज्जातंतूंच्या बारीक टोकांशी या जंतूचे नाते किती आद्य आहे यावर भर दिला, आणि त्यांचा अहवाल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. हे काम टिकले. १९५८ मध्ये मात्र बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या गाठीतून वाढवलेला एक जंतू वर्णिला. ‘आयसीआरसी जंतू’ या नावाने तो ओळखला गेला, आणि तो कुष्ठरोगाचाच आहे की दुसराच कोणी, यावर वाद झाला. पुढील परीक्षणात तो मायकोबॅक्टेरियम एव्हियम-इंट्रासेल्युलर या गटातला ठरला. म्हणजे हवा होता तो जंतू हाती आलाच नव्हता. तरीही त्यापासून बनवलेल्या लशीची चाचणी दक्षिण भारतात झाली, आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिने ६५.५ टक्के संरक्षण दिल्याचे दिसले, त्याच चाचणीतील बीसीजी लशीचे ३४.१ टक्के. ओळख चुकली, उपयोग खरा निघाला. हे शक्य झाले, कारण त्या जंतूची वंशावळ आणि प्रत्येक पिढीची नोंद जपलेली होती, आणि दावा दुसऱ्यांना तपासता आला. संशोधकाच्या थोरवीत त्याने इतरांना आपली तपासणी करू दिली की नाही हेही मोजावे, असे मला वाटते.

आजचा आक्षेप वेगळा आहे. आता जनुकांचा क्रम वाचता येतो, तुकड्याच्या डीएनएतून सारे कळते, मग माणसाला विचारायचे कशाला? तंबाखूच्या धुराने डीएनएत होणाऱ्या बदलांची विशिष्ट ठेवण ओळखता येते, हे खरे आहे. पण ती ठेवण तंबाखूची आहे, हे कळले ते ओढणाऱ्यांचे आणि न ओढणाऱ्यांचे तुकडे वेगळे करता आले म्हणून. कोणाच्या तरी केसपेपरवर ते लिहिलेले होते. मशेरीची, चुन्याची, कीटकनाशकाची, चुलीच्या धुराची ठेवण ओळखायची असेल, तर त्या माणसांच्या नोंदी आज कोणीतरी करायला हव्यात. यंत्र जितके सूक्ष्म होईल, तितकी नोंदीची गरज वाढेल. आणि ही यंत्रे जिथे आहेत तिथे बहुतेक तुकडे आज दूरच्या शहरांतून कुरिअरने येतात, नाव, वय, लिंग आणि बारकोड एवढ्याच ओळखीसह.

एक आक्षेप उरतो, तो विज्ञानाचा नाही, पण टाळता येत नाही. १९५५ मध्ये सांगितले गेले, मग त्याचा उपयोग काय झाला? तंबाखू चघळण्यावरचा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा निर्णय १९८५ मध्ये आला, सुपारीच कर्करोगकारक असल्याचा २००४ मध्ये. देशातील तंबाखू नियंत्रण कायदा २००३ चा, महाराष्ट्रातील गुटखाबंदी २०१२ ची. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरत होते. हे वाचून निराश होणाऱ्याला मी दोष देत नाही. पण या उशिराचा जाब पुराव्याला विचारता येणार नाही. तो हाती होता, छापलेला होता, इंग्रजीत होता, आणि ज्यांनी कायदे करायचे त्यांच्या आवाक्यात होता. कारण ठाऊक असूनही जे मृत्यू झाले, त्यांची जबाबदारी विकृतिशास्त्रावर नाही, राज्यकर्त्यांवर आणि तंबाखूच्या व्यापारावर आहे, आणि आपणही तिचा जाब पुरेशा जोराने मागितला नाही.

म्हणून शेवटी एक साधी विनंती करतो, आणि ती सभागृहातील डॉक्टरांना, पॅथॉलॉजीच्या विद्यार्थ्यांना आणि रुग्णालये चालवणाऱ्यांना आहे. बायोप्सीच्या अर्जावर सवयींचा रकाना असेल तर तो भरा, नसेल तर छापून घ्या. त्यात ‘तंबाखू : हो/नाही’ एवढे लिहू नका. काय वापरतात, खैनी की मशेरी की गुटखा की विडी, दिवसातून किती वेळा, किती वर्षे, तोंडात कोणत्या बाजूला धरतात, व्यवसाय काय, गाव कोणते, हे लिहा. बाईला वेगळे विचारा, घरच्यांसमोर ती मशेरीचे सांगणार नाही. आणि हे कागद ब्लॉकइतकेच जपून ठेवा. मेणातला तुकडा पन्नास वर्षांनीही कापून पुन्हा तपासता येतो. तो कोणाचा होता आणि तो माणूस कसा जगला हे तेव्हा कोणाला विचारता येणार नाही, आज येते.